पनवेलला ऐकलेला समुद्र

पनवेल हे गाव सगळ्यांनी पाहिलेले असते आणि कोणीच पाहिलेले नसते. पुण्याला जाणारा, गोव्याला जाणारा, गणपतीला कोकणातल्या घरी निघालेला, असा प्रत्येक जण पनवेलवरून जातो. एस. टी. थांबते, कंडक्टर ‘दहा मिनिटं’ म्हणून बजावतो, आपण उतरून घाईघाईने चहा घेतो, आणि गाडी सुटली की पनवेल मागे पडते. कन्याकुमारीपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ इथूनच सुरू होतो. पुण्याचा द्रुतगती मार्ग शेजारच्या कळंबोलीपासून सुटतो. तेव्हा पनवेल हे निघण्याचे ठिकाण आहे, पोहोचण्याचे नव्हे, अशी आपली एक समजूत होऊन बसली आहे. समुद्रासाठी तर पनवेलला कोणीच जात नाही. त्यासाठी अलिबाग आहे, मुरूड आहे, श्रीवर्धन आहे.

मी मात्र गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस खास समुद्रासाठीच पनवेलला गेलो. समुद्र पाहावयाला नव्हे. समुद्र ऐकतात कसा, हे समजून घ्यावयाला. कारण मौज अशी की, ज्या गावात लाट दिसत नाही, त्या गावात समुद्राचा तळ दिसतो. समुद्रातून तेल काढताना जे मनोरे उभारावे लागतात, ते ज्या मातीवर उभे राहतात त्या मातीचा अभ्यास करणारी ओएनजीसीची ‘इन्स्टिट्यूट ऑफ इंजिनिअरिंग अँड ओशन टेक्नॉलॉजी’ ही संस्था १९८३ पासून पनवेलला आहे. समुद्रतळाखाली बर्फासारख्या गोठलेल्या वायूचा, म्हणजे गॅस हायड्रेटचा, अभ्यास करणारे त्याच महामंडळाचे केंद्रही इथेच आहे.

मी गेलो तो अटल सेतूवरून. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला हा पूल जवळजवळ २२ किलोमीटर लांब आहे आणि त्यातला सोळा किलोमीटरांहून अधिक भाग समुद्रावरून जातो. ओहोटीची वेळ होती. शिवडीच्या बाजूला पाणी दूर सरले होते आणि करड्या रंगाचा चिखल उन्हात चकाकत पडला होता. गाडीतल्या कोणीतरी नाक मुरडले. पूल पाण्यावर आहे असे आपण म्हणतो. पण पाणी कोणाचाच भार घेत नाही. पूल उभा आहे तो त्या चिखलाखालच्या खडकावर, आणि चिखल किती जाड व खडक किती खोल हे ठरल्यावाचून एकही खांब घालता येत नाही. पनवेलला पोहोचण्यापूर्वीच मला माझा विषय असा आडवा पडलेला दिसला.

खुद्द पनवेलची गोष्टही गाळाचीच आहे. एके काळी हे नावाजलेले बंदर होते. घाटावरून माल उतरायचा, खाडीतून मचवे आणि पडाव मुंबईला जायचे, मीठ आणि तांदूळ यांची उलाढाल चालायची. इथली बैलगाडीची चाके नामांकित असत. १८५२ साली इथे नगरपालिका आली, यावरून गावाचा तेव्हाचा बोज समजावा. पुढे १८६३ साली बोरघाटातून रेल्वे धावू लागली आणि घाटावरच्या मालाने पनवेलची वाट सोडली. खाडी गाळाने उथळ होत गेली. नगरपालिकेची २०१६ साली महानगरपालिका झाली, पण बंदर काही परत आले नाही. गाढी आणि उलवे नद्यांच्या तोंडाशी भराव घालून विमानतळ उठला, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटनही झाले. जिथून गलबते जात तिथून आता विमाने जातात. खाली गाळ आहे तो आहेच.

वडाळे तलावाच्या काठाने जरा पुढे गेल्यावर आमच्या एका स्नेह्यांचे घर आहे. गृहस्थ तेलाच्या शोधकामात आयुष्य घालवून निवृत्त झालेले. समुद्रावर पंधरा-पंधरा दिवस राहिल्यामुळे माणूस अबोल होतो म्हणतात. यांच्या बाबतीत ते खोटे ठरले आहे. मी विषय काढताच त्यांनी जुने कॅलेंडर ओढले, पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर एक आडवी रेघ काढली आणि विचारले,

“फणस पिकला आहे की नाही, हे तुम्ही कसे ओळखता?”

“थापटून,” मी म्हटले.

“आणि माठ घेताना?”

“टिचकी मारून.”

“मग झाले तर! आम्हीही तेच करतो. फक्त आमचा फणस जरा मोठा असतो.”

त्यांनी पुढे जे सांगितले ते थोडक्यात असे. एक जहाज ताशी आठ-नऊ किलोमीटरच्या संथ चालीने सरळ रेषेत जाते. त्याच्या मागे पाण्यात हवेच्या तोफा ओढल्या जातात. तोफ म्हणजे दाबून भरलेल्या हवेचे नळकांडे. दर दहा-पंधरा सेकंदांनी ती हवा एकदम सुटते आणि पाण्यात दणका बसतो. तो आवाज पाण्यातून तळाशी, तळातून गाळात, गाळातून खडकात शिरतो. जिथे जिथे थर बदलतो तिथे त्याचा थोडा भाग प्रतिध्वनी होऊन परत फिरतो. जहाजामागे कित्येक किलोमीटर लांबीची केबल तरंगत असते. तिच्यात ओळीने बसवलेले पाण्यातले ‘कान’ हे प्रतिध्वनी टिपतात. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर धावतो. तेव्हा पंचाहत्तर मीटर खोल समुद्राच्या तळावरून प्रतिध्वनी यायला सेकंदाचा दहावा हिस्सा पुरतो. त्यानंतर उशिरा येणारा प्रत्येक आवाज हा तळाखालच्या कोठल्या तरी थराचा निरोप असतो. असे हजारो निरोप शेजारी शेजारी मांडले की जमिनीच्या पोटाचा उभा छेद कागदावर उमटतो.

पंचाहत्तर मीटर हा आकडा त्यांनी सहज घेतला नव्हता. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर मुंबई हाय आहे, तिथे पाणी साधारण तेवढेच खोल. ‘अकादेमिक अर्खांगेल्स्की’ नावाच्या जहाजावरून भारतीय व सोव्हिएत तज्ज्ञांनी १९६४ पासून खंबातच्या आखाताचे असे कंपनसर्वेक्षण केले, तेव्हा प्रतिध्वनींच्या रेषांत समुद्राखालचा हा प्रचंड फुगवटा प्रथम दिसला. १९७२ साली पुन्हा तपशीलवार पाहणी झाली. १९७४ च्या आरंभी ‘सागर सम्राट’ने तिथे पहिली विहीर खोदली आणि तेल लागले. १९७६ पासून उत्पादन सुरू झाले. आपल्या घरातल्या शेगडीशी त्या प्रतिध्वनींचा संबंध असा जवळचा आहे.

“पण,” आमचे स्नेही पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, “तेल शोधणाऱ्याला तेलच हवे असते. ते तळाखाली हजार मीटरहून खोल, चुनखडीत. मधले पाणी आणि वरचा मऊ गाळ म्हणजे त्याच्या दृष्टीने नुसती कटकट. पाण्याचा पृष्ठभाग आणि तळ यांच्यामध्ये आवाज चेंडूसारखा उड्या मारतो, प्रतिध्वनीचा प्रतिध्वनी येतो, खालचे चित्र बिघडते. मग गणित करून तो भाग धुऊन काढायचा. आम्ही वर्षानुवर्षे धूतच होतो. ज्यावर माणसे उभी राहतात, ज्यातून माणसे मासे काढतात, तेच आम्ही पुसून टाकत होतो म्हणा ना!”

हे वाक्य मला लागले. पुढचे दोन दिवस मी त्याचाच माग काढीत पनवेलमध्ये फिरलो.

प्रथम गाळ. तेलाचा मनोरा किंवा ‘सागर सम्राट’सारखे पाय रोवून उभे राहणारे जहाज यांना हजार मीटरखालच्या चुनखडीशी कर्तव्य नसते. त्यांचा जीव वरच्या शंभर-दीडशे मीटरांत असतो. वर कठीण थराचा पापुद्रा आणि खाली लोण्यासारखी चिकणमाती असली, तर पाय ठेवताना जमीन पक्की वाटते आणि भार वाढला की पाय एकदम खाली जातो. पावसाळ्यात वरून सुकलेल्या खाचरात पाय घालणाऱ्या शेतकऱ्याला हे निराळे सांगावयास नको. म्हणून तोफांच्या जोडीला बारीक, उंच आवाजाची यंत्रे वापरतात. मिरवणूक दूर असते तेव्हा नुसता ढोल ऐकू येतो. झांज ऐकू येते ती जवळ आल्यावर. खालच्या पट्टीचा आवाज ढोलासारखा खोलवर जातो पण बारकावा सांगत नाही. वरच्या पट्टीचा आवाज थोड्याच मीटरांत विरतो, पण हातभर जाडीचे थरही वेगळे दाखवतो.

आपल्या पश्चिम किनाऱ्याजवळ साधारण पन्नास-साठ मीटर खोलीपर्यंत नद्यांनी आणलेला चिखल आहे. त्यापलीकडे चिखल संपतो आणि शिंपल्यांच्या चुऱ्याची, चुन्याच्या कणांची वाळू लागते. ही वाळू आजची नव्हे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळजवळ १२० मीटर खाली होती. म्हणजे मुंबई हायची जागा तेव्हा कोरडी जमीन होती आणि एखादा धट्टाकट्टा माणूस पनवेलहून निघून सहा-सात दिवसांत तिथे पायी पोहोचला असता! त्या काळच्या किनाऱ्याच्या खुणा त्या वाळूत आहेत, आणि त्या काळच्या नद्यांची पात्रे आजच्या चिखलाखाली बुजलेली आहेत. प्रतिध्वनीत ती अजून पात्रांसारखीच खोलगट दिसतात.

चुन्याची वाळू ही मोठी फसवी. तिचे कण पोकळ आणि ठिसूळ. दाबले की चुरा होतो. खांब ठोकताना वाळूने त्याला घट्ट धरावे, तर ही धरतच नाही. ऑस्ट्रेलियात नॉर्थ रँकिन येथे १९८०च्या दशकाच्या आरंभी मनोऱ्याचे खांब अशा मातीतून स्वतःच्या वजनानेच साठ मीटरपर्यंत खाली गेले, आणि पाया सावरायला पुढे फार खर्च आला. आपल्याकडच्या चुनवाळूचे कण दाबाखाली कसे फुटतात याचा अभ्यास दिल्लीच्या आयआयटीत दत्ता, गुल्हाटी आणि राव यांनी १९७९ च्या सुमारासच केला होता. नुसत्या आवाजाने हे समजत नाही. आवाज थर दाखवतो, थराचा स्वभाव सांगत नाही. त्यासाठी तळातून मातीचा गाभा वर काढावा लागतो, तो दाबून, पिळून, कातरून पाहावा लागतो. पनवेलसारख्या ठिकाणच्या प्रयोगशाळांचे काम इथे सुरू होते. फणस थापटून कळतो हे खरे. पण शेवटी कापावाही लागतो.

काही ठिकाणी तर आवाज आत शिरतच नाही. किनाऱ्याजवळच्या चिखलात कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा मिथेन वायू बुडबुड्यांच्या रूपाने अडकलेला असतो. बुडबुडा आला की आवाज विखुरतो आणि छेदावर पडदा ओढल्यासारखी धूसर पट्टी दिसते. पूर्वी तिला ‘खराब नोंद’ म्हणत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी त्या पट्ट्यांवरूनच पश्चिम किनाऱ्याच्या गाळात वायू कोठे कोठे आहे याचा नकाशा केला. न दिसणे हीसुद्धा एक खूणच ठरली.

दिसणे मात्र दर वेळी खरे ठरतेच असे नाही. २००६ साली ‘जॉइडिस रिझोल्युशन’ हे जहाज हायड्रेटच्या शोधात आपल्या समुद्रात आले. कोकण-केरळच्या समुद्रात प्रतिध्वनी आशा लावणारा होता. छिद्र पाडले, हायड्रेट नव्हते. कृष्णा-गोदावरीच्या मुखापुढे मात्र सव्वाशे मीटरांहून जाड थर सापडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे स्नेही मला खाडीवर घेऊन गेले. तिथे त्यांच्या ओळखीचे एक वृद्ध कोळी जाळे दुरुस्त करीत बसले होते. तरुणपणी ते उरणच्या बाजूने खोल समुद्रात जात. मी त्यांना तळ कसा ओळखता म्हणून विचारले. ते म्हणाले, “शिशाचं वजन दोरीला बांधून सोडायचं, खाली चरबी लावायची. चिकटून काय येतंय ते बघायचं. चिखल आला तर बोंबील, कोलंबी. रेव आली तर जाळं दुसरं.”

शिशाचा गोळा आणि पनवेलच्या प्रयोगशाळेतला मातीचा गाभा यांचे नाते आमच्या स्नेह्यांनी हसून कबूल केले. पण म्हातारबा हसले नाहीत.

“तुमचं जहाज येतं तेव्हा आमाला सांगतात, बाजूला व्हा. चार-पाच कोस लांब दोरखंड असतंय मागं. आमची जाळी तिथंच. आनि त्या दणक्यानं मासली राहील काय? आमाला कोन विचारतो?”

तक्रार नवी नाही आणि नुसती समजूतही नाही. १९९२ साली नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी बॅरेंट्स समुद्रात मुद्दाम प्रयोग केला. तोफा चालू असताना कॉड आणि हॅडक माशांची पकड त्या सबंध टापूत सरासरी निम्म्यावर आली, खुद्द दणक्याच्या पट्ट्यात त्याहूनही कमी झाली. आणि तोफा थांबल्यावर पाच दिवसांतही ती पूर्ववत झाली नाही. कॉड म्हणजे बोंबील नव्हे, हे खरे. पण दणका पाण्याला बसतो आणि पाण्यात कोणीतरी राहत असते, एवढे त्यावरून दिसतेच. आमचे स्नेही काही क्षण गप्प झाले. मग म्हणाले, “तुमचं बरोबर आहे, बाबा.” त्यापलीकडे त्यांच्याजवळही उत्तर नव्हते.

परत येताना मी त्यांना पाण्याविषयी विचारले. गाळाचे समजले, पण नुसत्या पाण्यातून काय प्रतिध्वनी येणार? पाणी ते पाणी!

“मलाही तसेच वाटायचे,” ते म्हणाले. “२००३ सालापर्यंत.”

त्या वर्षी अमेरिकेतल्या स्टीव्हन होलब्रुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूफाउंडलंडजवळच्या समुद्रातल्या कंपनांच्या नोंदी पाहताना, नेहमी पुसला जाणारा पाण्याचा भाग पुसण्याऐवजी मोठा करून पाहिला. त्यात थरच थर दिसले! थंड आणि ऊबदार पाण्याचे प्रवाह एकमेकांत पापुद्र्यांसारखे शिरलेले होते. तळाच्या प्रतिध्वनीपेक्षा हे आवाज शेकडो पटींनी क्षीण. पण अंशाच्या काही शतांशांइतक्या तापमानभेदानेही ते उमटतात. पुढे जिब्राल्टरबाहेर भूमध्य समुद्राच्या खारट पाण्याचे भोवरेही असेच दिसले. आपल्या अरबी समुद्राच्या पोटातही इराणच्या आखाताचे आणि तांबड्या समुद्राचे खारे पाणी थराथराने पसरत येते. समुद्रात एकच पाणी नाही. एका घरात अनेक बिऱ्हाडे असावीत तशी अनेक पाणी आहेत, आणि त्यांच्यामधल्या भिंती ऐकू येतात.

याहून नवल २०२० साली प्रसिद्ध झाले. सुमात्राजवळच्या नियास बेटापाशी त्याच जागी पुन्हा पुन्हा होणाऱ्या भूकंपांचा आवाज हिंदी महासागरातून सुमारे तीन हजार किलोमीटर जाऊन दिएगो गार्सियाला पोहोचतो. त्याला अर्ध्या तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. पाणी एक अंशाने तापले की आवाज सेकंदाला तीन-चार मीटरांनी जलद धावतो. २००५ ते २०१६ या काळात तो सेकंदाच्या अंशांशाने लवकर पोहोचू लागला होता. त्यावरून वू, झान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला की, त्या वाटेवरचा महासागर दर दहा वर्षांत सुमारे ०.०४४ अंशाने तापतो आहे. आधीच्या अंदाजापेक्षा हे अधिक आहे. इथे तोफही नाही, दणकाही माणसाचा नाही. पृथ्वीच आवाज करते; आपण नुसते ऐकायचे.

समुद्र किती तापला ही रायगड जिल्ह्याला पुस्तकी गोष्ट राहिलेली नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’त मुंबई हायजवळ ‘पी-३०५’ तराफा बुडाला आणि कित्येक कामगार गेले. वादळ वरच्या ऊबदार पाण्यावर पोसले जाते, आणि ती ऊब किती खोल आहे यावर त्याचा जोर पुष्कळ अवलंबून असतो. हवेच्या तोफांच्या नोंदींत मुंबई हायच्या उथळ पाण्याचे थर नीट उमटत नाहीत. तोफेचा मूळ आवाजच कानात घुमत राहतो. पण किनाऱ्यापलीकडे, जिथे समुद्र हजारो मीटर खोल होतो, तिथे ते उमटतात. आणि आपण तिथेही तेलासाठी, हायड्रेटसाठी वर्षानुवर्षे दणके दिलेले आहेत.

हे दणके वाया गेलेले नाहीत. देशातल्या तेलशोधाच्या नोंदी एकत्र ठेवण्यासाठी २०१७ पासून राष्ट्रीय माहिती भांडार आहे. जुन्या नोंदींचा वरचा भाग, पाण्याचा आणि गाळाचा, पुन्हा काढून पाहता येतो. त्यासाठी नवे जहाज लागत नाही, नवी तोफ लागत नाही, म्हातारबांच्या जाळ्याला बाजूला व्हावे लागत नाही. लागतो तो ऐकणारा कान, आणि त्या कानापर्यंत नोंद पोहोचू देण्याचे मोठे मन. विद्यापीठातल्या एखाद्या पोरासोराला त्यातून गाळातला वायू, बुजलेली नदी किंवा ऊबदार पाण्याचा थर सापडेल. कोळ्यांनाही त्या नकाशातून चिखल कुठे आणि रेव कुठे हे दाखवता येईल. ज्यांच्या समुद्रात आपण आवाज केला, त्यांना त्या आवाजाचे उत्तर कळवणे ही उपकाराची बाब नाही. ते देणे आहे.

निघताना आमच्या स्नेह्यांनी ते कॅलेंडर मला दिले. मी पाहिले तर पाण्याची रेघ आणि तळाची रेघ यांच्या मधल्या जागेत त्यांनी काहीच काढलेले नव्हते. मी ती जागा बोटाने दाखवली. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि तिथे तीन-चार बारीक, वाकड्यातिकड्या रेघा ओढल्या. “चाळीस वर्षे ही जागा कोरी सोडली,” ते म्हणाले, “आता कोणीतरी भरायला हवी.”

आवाज केलाच आहे, तर तो पुरता ऐकावा. पनवेलला जाऊन मी एवढे शिकलो.